दिर दा दिर दा रा, व्हाया मिरज

रात्रीचे साडेबारा वाजून गेलेले. पुणे स्टेशन, महालक्ष्मी एक्स्प्रेस. माझ्या लोअर बर्थवर मी नाही, एक सतार झोपली आहे. उरलेल्या दीड फुटात मी पाय पोटाशी घेऊन बसलेय. टीसी आला, त्याने टॉर्चचा झोत आधी सतारीवर आणि मग माझ्यावर टाकला.

"हे काय?"

"सतार."

"कुठं?"

"मिरज."

"दुरुस्तीला?"

मी मान हलवली. "मग झोपू दे तिला," असं म्हणून तो पुढे गेला. समोरच्या बर्थवर एक आजोबा होते, त्यांच्या उशाशी एक्स-रेचं भलं मोठं पाकीट. तेही मिरजेलाच निघाले होते. दुरुस्तीला.

आता थोडा फ्लॅशबॅक. ही सतार माझ्या आत्याची. १९७२ साली आजोबांनी तिला मिरजेला नेऊन घेऊन दिलेली. आत्या तेव्हा अठराची होती. परीक्षा देत देत ती मध्यमापर्यंत पोचली, मग १९७७ मध्ये लग्न झालं, ठाण्याला गेली आणि आमच्या घरच्या ऑफिशियल व्हर्जननुसार 'सतार सुटली'. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. कुणाची नोकरी सुटते, कुणाची सिगरेट सुटते, तशी आत्याची सतार सुटली. दोन वर्षांपूर्वी तिची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, माळे रिकामे करायची वेळ आली. तिने मला फोन केला, "घेऊन जा. वाजव नाहीतर विक. माझ्या डोळ्यांसमोर भंगारात नको."

मी वाजवायचं ठरवलं. का, विचारू नका. तेव्हा एका वेबसाइटच्या डेस्कवर नोकरी होती, दिवसाला अकरा कॉपीज काढत होते, आणि त्यातली एकही दुसऱ्या दिवशी मला आठवत नव्हती. कुठली तरी एक गोष्ट हळू करावी असं वाटत होतं. बाकीचे लोक सायकल घेतात, बोन्साय करतात, पॉटरीला जातात. माझ्या घरी ऑलरेडी सतार होती.

शनिवारी सकाळची आमची बॅच म्हणजे सीनियर केजी. हिंजवडीतला एक टेस्टर, एक सीए, एक डेंटिस्ट आणि मी. सगळे पंचवीस ते चाळीसच्या मधले. पहिले दोन महिने आम्ही फक्त बसायला शिकलो. खरंच! सतारीसाठी मांडी वेगळी. डावा पाय दुमडून खाली, उजवा त्याच्यावरून पलीकडे, भोपळा डाव्या तळपायावर टेकलेला, उजव्या हाताचं कोपर भोपळ्यावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डाव्या हाताने दांडी पेलायची नाही. तो हात मोकळाच हवा. दहा मिनिटांत पायाला मुंग्या, पंधरा मिनिटांत पाय आहे की नाही ते कळत नाही. डेंटिस्ट एकदा क्लासनंतर उठला आणि सरळ भिंतीवर गेला.

मग बोटं. उजव्या हाताच्या तर्जनीत मिजराब, म्हणजे तारेची नखी. ती सैल बसली तर उडून पंख्यापर्यंत जाते, घट्ट बसली तर बोट जांभळं. तार आत ओढून छेडली की 'दा', बाहेर ढकलून छेडली की 'रा', दोन्ही झटपट की 'दिर'. डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांना तारेने आधी चिरा पडतात, मग फोड येतात, मग कातडं जाड होतं. वादक बोटांना खोबरेल तेल लावतात ते स्टाइल म्हणून नव्हे, त्याशिवाय बोट तारेवरून सरकतच नाही. चौथ्या महिन्यात माझ्या फोनने माझी तर्जनी ओळखायला नकार दिला. लॉक उघडेना! मला इतका अभिमान वाटला, की मी क्लासच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. सीएने उलट टपाली अंगठ्यांचे तीन इमोजी पाठवले. त्याचा अंगठा अजून चालत होता.

मोठेपणी वाद्य शिकणाऱ्यांची एक गोची असते. आमचे सर म्हणतात, "तुम्हा लोकांना कळतं लवकर, येतं उशिरा." नऊ वर्षांच्या पोराला मसीतखानी गत म्हणजे काय ते धड सांगता येणार नाही, पण ते वाजवतं. आम्हाला विचारा. तीनतालाच्या बाराव्या मात्रेपासून उठते, बोल असे असे: दिर दा दिर दा रा दा दा रा. वहीत तीन रंगांच्या पेनांनी लिहिलेलं आहे, टेस्टरने तर एक्सेल शीट केलीय. हात मात्र 'दिर'वरच अडकतो. शिवाय कान आपल्यापुढे पळतात. वर्षभर चांगली सतार ऐकली की आपली किती वाईट आहे हे स्वच्छ ऐकू यायला लागतं. पहिल्या महिन्यात मी स्वतःवर खूश होते. चौदाव्या महिन्यात ऐकवत नव्हतं.

त्यात या वर्षीची गुरुपौर्णिमा. सात मिनिटांचा यमन. तबल्यावर सरांचे मित्र, समोर सत्तर-ऐंशी माणसं, बहुतेक मुलांचे आईबाबा. गत सुरू झाली, बरी चालली होती, दुसऱ्या आवर्तनानंतर एक छोटी तान होती आणि तानेनंतर मला बारावी मात्रा सापडेना. तबला चालू, मी बंद. एक आवर्तन गेलं. दुसरं गेलं. तबलजी माझ्याकडे बघून मानेने मोजून दाखवत होते, दहा, अकरा... मी तरीही थांबूनच. शेवटी सरांनी माझ्या शेजारी बसून गत उचलली आणि मी मागून धरली. नंतर सगळ्यांनी छान छान म्हटलं. सात वर्षांच्या एका मुलीने मला सांगितलं, "माझं पण पहिल्यांदा असंच झालं होतं. मी तेव्हा फर्स्टला होते."

त्यानंतर पाच आठवडे मी सतारीची गवसणी उघडली नाही.

मधल्या काळात नोकरीही सोडलेली. फ्रीलान्सिंग म्हणजे काय ते करणाऱ्यालाच ठाऊक: काम आज, पैसे दिवाळीनंतर, कुठली दिवाळी ते विचारायचं नाही. घरभाड्याची तारीख जवळ येत होती. तेव्हा इंटिरियर करणाऱ्या एका मैत्रिणीने सतारीचा फोटो बघितला. एका कॅफेची भिंत सजवायची होती, 'व्हिंटेज इंडियन' थीम. ती म्हणाली, वीस हजार देतो, तारा नसल्या तरी चालेल. मी हो म्हटलं नाही. पण नाही पण म्हटलं नाही. फोनच्या नोट्समध्ये एक ओळ लिहून ठेवली: 'जुनी मिरज सतार, उत्तम स्थितीत.' उत्तम स्थितीत हे खोटं होतं. मोठ्या भोपळ्यावर केसाएवढी भेग होती आणि आवाज पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा झाला होता.

सरांना विकण्याचं सांगायची हिंमत झाली नाही, आवाजाचं सांगितलं. ते म्हणाले, "जवारी गेलीय. मिरजेला जाऊन ये."

मनात म्हटलं, ठीक. दुरुस्तीचा खर्च विचारू. जास्त असला तर कॅफे. डोक्यात आकडासुद्धा ठरवला होता.

मिरज जंक्शनला गाडी सकाळी सहाच्या सुमारास पोचते. पुण्यापासून रेल्वेने सुमारे २८० किलोमीटर. हे स्टेशन एकेकाळी रेल्वेवेड्यांची पंढरी होतं, ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही गेजच्या गाड्या इथे यायच्या. आता सगळं ब्रॉड. बाहेर पडलं की पहिल्यांदा दिसतात ते दवाखाने. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि आज या गावात चहाच्या टपऱ्या जास्त की लॅब, हे मोजावं लागेल. कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून पेशंट येतात. रिक्षावाल्याने मला बघून आधी "कुठलं हॉस्पिटल?" असं विचारलं, मग गवसणी बघून स्वतःच म्हणाला, "सतारमेकर गल्ली. बसा."

गंमत म्हणजे या गावाचं गाणंही दवाखान्यातूनच आल्यासारखं वाटतं. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांची लहानपणी फटाक्याने दृष्टी अधू झाली, उपचारासाठी त्यांना मिरजेला आणलं आणि इथेच ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. याच पलुस्करांनी पुढे १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आमच्या बॅचचा सीए ज्या परीक्षांना घाबरतो त्यांची मुळं तिथवर जातात. किराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँही फिरत फिरत अखेर मिरजेतच स्थिरावले.

आणि वाद्यं? ती तलवारींमधून आली. सतारमेकर मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी, पाणी देणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांचं राज्य पक्कं झालं, संस्थानिकांच्या तलवारी भिंतीवर गेल्या, कारागिरांच्या हातांना काम उरलं नाही. तेव्हा मिरजेच्या पटवर्धन सरकारच्या दरबारात गवयांची ये-जा असायची, त्यांची वाद्यं मोडायची, आणि दुरुस्त करणारं जवळपास कुणी नव्हतं. फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोइनुद्दीन यांनी ते काम हाती घेतलं. दुरुस्ती करता करता स्वतःची वाद्यं बनवू लागले आणि धंद्याचं नावच आडनाव झालं. मिरजेची सतार आणि तानपुरा, दोन्हींना २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. सोलापुरी चादर आणि नागपुरी संत्र्याच्या पंगतीत.

गल्ली म्हणजे फार मोठं काही कल्पू नका. साधी घरं, खाली दुकानं, दारात चपला. पण मान वर केली की छतापासून भोपळे लटकलेले. हे भोपळे आपल्या थालीपिठातले नव्हेत. जाड सालीचे, कडू, खायला निरुपयोगी. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत खास वाद्यांसाठी पिकवले जातात. वेलीवरच पक्के होऊ द्यायचे, मग महिनोन् महिने वाळवायचे. वापरायच्या वेळी पाण्यात भिजवून मऊ करायचे, तोंड कापून आतला गर आणि बिया काढायच्या, आत काटक्यांचा टेकू देऊन हव्या त्या आकारात पुन्हा सुकवायचे. चांगला गोल, मोठ्या घेराचा भोपळा सापडणं नशिबाचं काम. तो मशीनमध्ये बनत नाही, शेतकऱ्याला सांगूनही तसाच येईल याची गॅरंटी नाही. दांडी आणि तबली तुणाच्या लाकडाची. कोरीव पानं, पांढरी नक्षी, वर लाखेचं पॉलिश. ती नक्षी पूर्वी हस्तिदंती असायची, आता सेल्युलॉइडची. सगळ्या गल्लीला लाख, स्पिरिट आणि लाकडाच्या भुशाचा मिळून एक वास आहे. तो मला दिवसभर आवडत राहिला.

ज्यांच्याकडे मी गेले त्यांचं नाव छापायला त्यांनी मनाई केली. "आमचं नाव कशाला, गल्लीचं लिहा." म्हणून मी त्यांना नुसतं चाचा म्हणते. साठीच्या पुढचे, चष्मा कपाळावर, बनियनवर लाकडाचा भुसा. एक पुतण्या हाताशी. मुलगा? "तुमच्याच पुण्यात. कम्प्युटरमध्ये." तक्रारीचा सूर नव्हता, बातमी दिल्यासारखं सांगितलं.

"बसा की ताई. चहा घेणार?"

गवसणी उघडली. त्यांनी सतार हातात घेतली, पण वाजवली नाही. उलटी केली, भोपळ्यावर टिचकी मारली, कोरीव पानांवरून अंगठा फिरवला. "हे आमच्या गल्लीतलं काम. आमच्या घरातलं नाही, पण गल्लीतलंच." मग घोडी बघितली. घोडी म्हणजे तबलीवर बसलेला तो चपटा पूल, ज्याच्यावरून तारा जातात. "सांबराचं शिंग. आता मिळायचं नाही. कायद्यानं बंद आहे. आम्ही उंटाचं हाड वापरतो, नाहीतर फायबर."

पुढचा अर्धा तास मला जवारी समजावण्यात गेला, आणि तो माझ्या चौदा महिन्यांतला बेस्ट क्लास होता.

गिटारच्या ब्रिजवर तार एका बिंदूवर टेकते आणि सुटते. सतारीच्या घोडीचा माथा मात्र सपाटही नसतो आणि गोलही नसतो, किंचित उतरता असतो. इतका किंचित की डोळ्यांना दिसत नाही. छेडलेली तार थरथरताना त्या उतारावर पुन्हा पुन्हा हलकेच घासते, आणि त्या घासण्यातून सतारीचा तो रेंगाळणारा, सोनेरी झणकार येतो. उतार थोडा बदलला की आवाज बदलतो. जवारी खुली ठेवली तर झणकार जास्त, बंद केली तर आवाज गोल आणि गोड. तानपुऱ्याला तेच काम घोडी आणि तारेच्या मध्ये सरकवलेला सुताचा दोरा करून देतो, सतारीला तेवढी सोय नाही. वाजवून वाजवून तार घोडीच्या माथ्यावर खाचा पाडते, उतार बिघडतो, आणि खिळ्यांचा डबा तयार होतो. मग माथा कानशीने पुन्हा घासायचा. किती? "कानाला बरा लागेपर्यंत," चाचा म्हणाले. या कामाला माप नाही, गेज नाही. घासायचं, घोडी बसवायची, तार ताणायची, ऐकायचं, उतरवायचं, पुन्हा घासायचं. जास्त घासलं तर गेलेलं हाड परत येत नाही.

मग चाचांनी प्रश्न विचारला. "ही तुम्ही किती दिवस वाजवता?"

"चौदा महिने."

"रोज?"

"जवळजवळ." (खोटं. बॅचमधले सगळे हेच सांगतात.)

"आणि त्याआधी?"

"माझ्या आत्याची आहे. तिने १९७७ला सोडली. तेव्हापासून माळ्यावर होती."

चाचांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. घोडी माझ्यासमोर धरली. मुख्य तारेखाली खोल, गुळगुळीत खाच. "ताई, ही चौदा महिन्यांची नव्हे. आणि पोरवयातल्या चार-पाच वर्षांची पण नव्हे. हे बघा, ही एकदा घासून घेतलेली आहे. त्यानंतर परत एवढी खाच." मग भोपळ्याच्या भेगेवर बोट ठेवलं. "ही पण जुनी आहे. आतनं सरस लावून कापड बसवलंय. काम चांगलं आहे. माळ्यावरच्या सतारीला कोण कापड लावतं?"

मला काही सुचलं नाही. मी चहा प्यायले.

"बरं," ते म्हणाले, "आता वाजवा की जरा."

"मी?"

"मग कोण? हात बघितल्याशिवाय जवारी कशी करू? कुणाचा हात जड असतो, कुणाचा हलका."

म्हणजे पाच आठवड्यांनी मी सतार हातात घेतली ती मिरजेच्या सतारमेकर गल्लीत, ज्यांच्या भिंतीवर मोठमोठ्या कलाकारांचे फोटो आहेत अशा दुकानात, खिळ्यांच्या डब्यासारख्या वाद्यावर. पुतण्याने कानस थांबवली. मी यमनची तीच गत सुरू केली. घाम आला. तोडा घेतला, समेवर आले की नाही माहीत नाही, तबला नव्हता म्हणून वाचले. सहा-सात मिनिटं वाजवलं असेल. चाचा माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, डाव्या हाताकडे बघत होते.

"मींड घेताना एका पडद्यावरनं दोन सूर ओढता. तिसऱ्याला हात थांबतोय. तार तुटायची भीती वाटती?"

वाटते. आत्याची सतार, आत्याच्या तारा.

"तार कितीला येती? तुटली तर लावायची. सांबराची घोडी तुटली तर रडा." मग पुतण्याकडे वळून, "हलका हात आहे. जरा खुली ठेवू."

खर्च विचारला. वीकेंडला दोघांनी मल्टिप्लेक्समध्ये पिक्चर पाहून पॉपकॉर्न खाल्ला तर जे होतं, त्याहून थोडा जास्त. माझ्या डोक्यातला आकडा याच्या आसपासही नव्हता. मी मोठी रक्कम ठरवून आले होते, म्हणजे खरं सांगायचं तर, मी कारण शोधत आले होते. "संध्याकाळी या," चाचा म्हणाले. "घाईचं काम नाही."

दिवस मोकळा. लक्ष्मी मार्केटच्या आसपास भटकले. भडंगाची दोन पाकिटं घेतली (कुरकुरीत, लसूण भरपूर, गाडीत एक संपलं). दुपारी ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेले. अब्दुल करीम खाँची कबर इथेच आहे. २७ ऑक्टोबर १९३७ला दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचा मृत्यू झाला, रेल्वेच्या एका छोट्या स्टेशनवर, आणि त्यांना मिरजेला आणलं. दरवर्षी उरुसाच्या वेळी या आवारात गाण्याची मैफल होते. देशभरातले नामवंत इथे खाँसाहेबांना हजेरी लावायला येतात. तिकीट नाही, सोफे नाहीत. मी गेले तेव्हा उरूस नव्हता. सावलीत काही पेशंटचे नातेवाईक डबे उघडून बसले होते. शेजारी एक मुलगा फोनवर गेम खेळत होता.

तिथूनच आत्याला फोन लावला. ठाण्यात सध्या ती भाड्याच्या घरात आहे.

"आत्या, सतारीची घोडी कधी घासून घेतली होतीस?"

बराच वेळ काही नाही. मला वाटलं रेंज गेली.

"मिरजेला गेलीस?"

"हो."

"अठ्ठ्याऐंशीला. भोपळ्याला भेग पण तेव्हाच गेली होती. तुझ्या आजीला बघायला येते म्हणून सांगलीला आले होते आणि तशीच मिरजेला गेले."

"पण तू तर सोडली होतीस ना?"

"दुपारी वाजवायचे. तुझे काका ऑफिसला गेले, मुलं शाळेत गेली की. दीड ते तीन. पडदे लावून."

"कुणाला माहीत नव्हतं?"

"खालच्या सामंतकाकूंना माहीत होतं. त्या म्हणायच्या, आज जरा मोठ्याने वाजव." मग म्हणाली, "तुझ्या काकांचा काही विरोध नव्हता गं. कुणी विचारलं असतं काय वाजवतेस, तर वाजवून दाखवावं लागलं असतं. मला दाखवायचं नव्हतं. नुसतं वाजवायचं होतं. दोन हजार नऊला बोटं वाकडी व्हायला लागली, तेव्हा बंद केली."

म्हणजे लग्नानंतर बत्तीस वर्षं. आमच्या सगळ्या खानदानाने 'बिचारीची सतार सुटली' म्हणून हळहळण्यात घालवलेली बत्तीस वर्षं.

संध्याकाळी गल्लीत परत गेले. चाचांनी नवीन तारा चढवल्या होत्या, दोन पडद्यांचे दोरे बदलले होते. भेगेला हात लावला नव्हता, "चांगलं काम आहे, कशाला उकरायचं?" आत्याच्या सतारीला खर्जाच्या तारा आहेत, रविशंकर पद्धतीच्या, विलायत खाँ पद्धतीच्या सतारीत त्या नसतात. इतके महिने त्या तारा मी शोभेसारख्या बाळगल्या होत्या. चाचांनी नुसता एक 'दा' छेडला. खाली तरफेच्या बारीक तारा, ज्यांना कुणी हात लावत नाही, त्या आपोआप बोलायला लागल्या. पुतण्याने काम थांबवलं नाही, त्याला हे रोजचंच असणार. मी मात्र 'अय्या' असं ओरडले. फार प्रोफेशनल नव्हतं ते, पण असो.

जायचं असेल तर दोन गोष्टी सांगते. वाद्य घेऊन जाणार असाल तर आधी फोन करून जा आणि लोअर बर्थच काढा. साइड लोअर नको, येणारे-जाणारे भोपळ्याला धक्के देतात. आणि गल्लीत जाऊन फक्त फोटो काढू नका. काही घ्यायचं नसेल तर तसं सांगा, ते तरीही चहा पाजतात. चाचांकडे असताना परदेशातून व्हॉट्सअॅपवर एक ऑर्डर आली, आणि त्याच वेळी दारातून दोन मुलं रील काढून गेली. चाचांनी दोघांकडे सारख्याच शांतपणे बघितलं. तानपुऱ्याचं विचारलं तर म्हणाले, "फोनमध्ये आलाय ना आता. पण फोन हातात घेऊन गवई बसला तर बरा दिसत नाही, म्हणून अजून खपतात."

परतीची गाडी पुण्यात पहाटे तीनला. रिक्षावाल्याने सतारीचं वेगळं सीट धरून पैसे मागितले. मी भांडले, त्याने दिलदारपणे दहा रुपये कमी केले. मैत्रिणीला मेसेज टाकला, कॅफेसाठी दुसरं काही तरी बघ. भाड्याचं काय, ते अजून ठरलेलं नाही. हा लेख त्यासाठीच लिहितेय. संपादक, वाचताय ना?

रविवारी दुपारी दीडला आत्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला, सतारीसमोर ठेवला. म्हटलं, नुसतं ऐक. आलाप थोडा, मग गत. तिसऱ्या सुरापर्यंत मींड ओढून बघितली, तार तुटली नाही. बेसूर मात्र लागली. मग तान, तानेनंतर बारावी मात्रा. कुणी मोजायला नव्हतं, मीच मोजली. थांबले.

"आत्या? आहेस?"

"आहे. तुझा जोड उतरलाय," ती म्हणाली. "आधी तो लाव. मग पुन्हा पहिल्यापासून."